चार मिनिटांनी थांबणारं चित्र

केज
१२ जून २००८

श्री. मुंजाजी धोंडीराम यांस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र न फोडताच टाकून द्याल अशी भीती होती, म्हणून पाकीट बंकटकडून लिहून घेतलं आहे. बंकट म्हणजे आमच्याकडचा फोन कंपनीचा लाइनमन. आतलं अक्षर माझं आहे. पत्र कामाचं आहे.

बंकट चार वेळा येऊन गेला. त्याला जमेना. शेवटी म्हणाला, "अप्पा, ह्या कामाचा माणूस पुण्याच्या हापिसात हाय. आन् तुमच्याच केजचा हाय की! मुंजाजी नाव. वळखता का?" मी म्हणालो, नाव ऐकून आहे. त्यानं पत्ता लिहून दिला.

काम असं आहे. स्टँडजवळच्या आपल्या जुन्या केबलच्या खोलीत मी आता तीन कॉम्प्युटर ठेवले आहेत. पोरं फॉर्म भरायला, निकाल बघायला येतात. केबल कधीच विकून टाकली. कंपनीचं इंटरनेट घेतलं आणि त्याच फोनच्या तारेवरून टीव्ही येतो म्हणून टीव्हीचा डबाही घेतला. राऊटरला चार भोकं आहेत. तिनांत कॉम्प्युटर, चौथ्यातून वर माडीवर टीव्हीच्या डब्याला तार नेली आहे. वर टीव्ही लावला की खाली तिन्ही कॉम्प्युटर मेल्यासारखे होतात. बंद केला की पुन्हा उठतात.

निकालाच्या दिवशी पन्नास पोरं दारात. एक जण ओरडला, "अप्पा, कम्प्युटर हाय का पाटा-वरवंटा?" सगळे हसले. मी वर जाऊन टीव्ही बंद केला. वर बघणाऱ्याला त्याचा त्रास होतो.

मला वाटलं, एका तारेचे चार फाटे केले की आपल्या केबलला जोर कमी पडायचा तसं असेल. तार बदलली, फरक नाही. काय करावं ते साध्या भाषेत लिहून कळवावं. माझं शिक्षण तुम्हाला ठाऊक आहे. चार यत्ता, त्यातल्या दोन उर्दूत.

मागच्या गोष्टी मी या पत्रात काढत नाही. तुम्हीही काढू नयेत ही विनंती. घरी सर्व ठीक आहे.

वैजिनाथ संगमेश्वर शेटे


केज
३० जून २००८

मुंजाजी यांस,

तुमचं उत्तर मिळालं. नमस्कार नाही, खाली सही नाही, पण चित्र काढून समजावलंत. तेवढंही करायची तुम्हाला गरज नव्हती.

मी ते आठ-दहा वेळा वाचलं. जे समजलं ते लिहितो, चुकत असेल तर सांगा. आपल्या केबलमध्ये आपण सगळं सगळ्यांच्या घरात सोडत होतो. कोणी बघो न बघो, तारेत ते असायचंच. हा नवा टीव्ही तसा नाही. त्यात जो डबा मागेल त्यालाच चित्र द्यायचं, आणि दहा डब्यांनी मागितलं तरी मागून एकच प्रत येते, राऊटर ती वाटतो. याला मल्टिकास्ट म्हणतात. पण माझा राऊटर कोणी मागितलं ते बघतच नव्हता. माडीवरचं चित्र चारही भोकांत ओतत होता. कॉम्प्युटर बिचारे न मागितलेल्या गोष्टीखाली दबून जात होते.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे आकडे टाकले. राऊटरचं पान उघडलं. त्यात "स्नूपिंग" लिहिलेली चौकट सापडली, तिच्यात खूण केली. राऊटर आता कोण मागतो ते कान देऊन ऐकतो म्हणता, ते खरं असावं. कॉम्प्युटर पळायला लागले. बंकट बघायला आला तर म्हणाला, "लई भारी, अप्पा! आता मलाच शिकवा."

पण नवीन पंचाईत झाली. वरचा टीव्ही चार मिनिटं चालतो आणि थांबतो. मी घड्याळ लावून पाहिलं. चार मिनिटं आणि वर थोडे सेकंद, दर वेळी तेवढंच. चॅनेल बदललं की पुन्हा सुरू होतो, पुन्हा चार मिनिटांनी चित्र जागच्या जागी गोठतं. चित्रातल्या पुजाऱ्याच्या हातातला तांब्या तसाच कलता राहतो.

मी रोज सकाळी पंधरा-वीस वेळा जिना चढतो आहे. गुडघे बोलतात. तुम्ही विचाराल, जो बघतो त्यानं चॅनेल का बदलू नये? म्हणून आता सांगावंच लागतं.

वर शिवम्मा असते. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तिची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. सगळा संसार जिनं उभ्यानं केला ती बायको आता पडून असते. सकाळी देवळातला अभिषेक दाखवतात तेवढा बघते. चित्र थांबलं की तिला काही करता येत नाही, त्या थांबलेल्या चित्राकडं बघत राहते. परवा मी गिऱ्हाइकात अडकलो, पाऊण तासानं वर गेलो, तर तांब्या तसाच आणि ती तशीच.

घरी सर्व ठीक आहे असं मी मागं लिहिलं होतं. ते खोटं होतं.

तिला एकच अक्षर येतं. "रु." पुढचं येत नाही. डॉक्टर म्हणतात, याचा अर्थ काही नसतो, तोंडाला जे वळण सोपं तेच येतं. मी मान हलवली. हे तुमच्या घरी सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुम्ही फोन नंबर दिला आहे. फोन मला जमणार नाही. कागदावर खाडाखोड करता येते.

वैजिनाथ


केज
२१ जुलै २००८

मुंजाजीराव,

पूर्वी तुम्हाला "ए मुंज्या, चढ बे खांबावर" असं म्हणायचो. "राव" लिहिताना हात अडखळला. लिहिलं आहे, राहू द्या.

तुम्ही एकच प्रश्न विचारलात, "स्नूपिंगच्या खालच्या चौकटीतली खूण काढलीत का?" मी काढली होती. मागच्या पत्रात ते लिहिलं नाही. तिथं लिहिलं होतं की राऊटर दर दोन मिनिटांनी सगळ्यांना विचारील, अजून कोणाला पाहिजे आहे का. मला वाटलं, सारखं सारखं विचारायचं कशाला? उगाच तारेवर भार. म्हणून ती खूण मीच पुसली.

प्रश्नाखाली तुम्ही जे समजावलंत ते मी वहीत उतरवून घेतलं आहे. पाठवणारा पाठवत होता. वर बघणारी बघत होती. मधे विचारणारा कोणी नव्हता. कोणी विचारलंच नाही, तर डबा आपणहून बोलत नाही. मग चार मिनिटं वाट बघून राऊटर समजतो, ऐकणारं कोणी राहिलं नाही, आणि तार बंद करतो.

खूण परत केली. त्या दिवसापासून चित्र थांबलेलं नाही. परवा शिवम्मानं पहिल्यांदा सबंध अभिषेक पाहिला. आरती झाल्यावर तिनं डोळे मिटले. मी खाली येऊन गल्ल्यावर बसलो. एक पोरगी म्हणाली, "अप्पा, रडायलात कावून?" मी म्हणालो, डोळ्यात कचरा गेला.

पत्राच्या तळाशी शाईच्या पेनानं एक ओळ होती. "आईला डावा हात हलवता येतो का?" ते अक्षर तुमचं नव्हतं. रुद्राणीचा "ई" मी ओळखतो, तो मीच तिला पाटीवर शिकवला. हो, डावा हात हलतो. तिला सांगा, चमचा धरता येतो. सांडतं, पण धरता येतो. मी तो कागद शिवम्माच्या डाव्या हातात दिला. तिनं सोडला नाही. जेवायच्या वेळीही सोडला नाही, मग मीच भरवलं.

एवढं झाल्यावर जुन्या गोष्टीचं एकदा लिहावं असं वाटतं. तुम्ही दोघांनी लग्न केलं तेव्हा आपल्या केबलच्या चॅनेलवर चित्राखाली जी अक्षरांची पट्टी फिरली, ती सगळी माझी इच्छा नव्हती. आमच्या समाजातली चार मोठी माणसं येऊन बसली होती. फार जोर केला. आणि तारेतल्या चित्राला जोर देणारा नवा अँप्लिफायर त्याच दिवशी सापडत नव्हता, म्हणून पट्टीत तसं लिहिलं गेलं. हे तुम्ही समजून घ्याल.

वैजिनाथ


केज
१७ ऑगस्ट २००८

मुंजाजीराव,

तुमच्या पत्रात दोनच शब्द होते. "अँप्लिफायर सापडला?"

तो कागद मी अकरा दिवस गल्ल्यात ठेवला. सुटे द्यायला गल्ला उघडला की वर तोच. आज लिहितो. खाडाखोड करणार नाही, जसं येईल तसं लिहितो.

मागच्या पत्रातलं "लिहिलं गेलं" हे खोटं. पट्टी मी लिहिली. समाजाची माणसं आली होती हे खरं, पण ती चहा पिऊन "अप्पा, जपून" म्हणून गेली. ती गेल्यावर मी दार लावून केबलच्या कॉम्प्युटरवर एका बोटानं एकेक अक्षर दाबलं. अर्धा तास लागला. "माझी मुलगी रुद्राणी हिचा आमच्या घराशी संबंध राहिलेला नाही. आमच्याकडील कामगार मुंजाजी हा अँप्लिफायर चोरून पळाला आहे. त्याच्याशी कोणी व्यवहार करू नये." सगळं केज संध्याकाळी आपलंच चॅनेल लावायचं. पिक्चर असायचा. पिक्चरच्या खाली हिरोच्या पायावरून तुमची नावं तीन दिवस फिरली.

त्या तीन दिवसांत आपल्या घरचा टीव्ही बंद होता. मी घरात सांगितलं, लाइनला फॉल्ट आहे. माडीची तार मीच सोडली होती. सगळ्या गावानं बघावं आणि शिवम्मानं बघू नये. तिला शेजारच्या छबुबाईनं नळावर सांगितलं. घरी येऊन ती जिना चढून गेली आणि सुटलेल्या तारेचं टोक हातात धरून बसली.

आता अँप्लिफायरचं. आठव्या दिवशी कोर्टामागच्या गल्लीतून तक्रार आली, चित्रात मुंग्या. मी स्वतः गेलो, कारण तुम्ही नव्हतात. छपरावर चढलो. पाण्याच्या टाकीला अँप्लिफायर बांधलेला. तुमची निळी टेप, वर पावसासाठी तेलाचा डबा कापून केलेली टोपी. त्या गल्लीला चित्र नीट दिसत नाही म्हणून जायच्या आधी तुम्हीच तो तिथं लावला होता. मला सांगितलंही असेल. मी ऐकलं नसेल.

मी टोपी नीट केली आणि खाली उतरलो. कोणाला सांगितलं नाही. तेव्हा पट्टी उतरून पाच दिवस झाले होते. मला वाटलं, आता कशाला. आता कशाला म्हणता म्हणता अकरा वर्षं झाली. तो अँप्लिफायर केबल विकेपर्यंत त्याच टाकीवर चालू होता.

आणखी एक आहे. पट्टीच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या आई, कौशल्याबाई, दुकानात आल्या होत्या. दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मालक, माझं पोरगं चोर न्हाई. लेकीचं तुमी काय बी लिवा, तुमची लेक हाय. पर चोर लिवलेलं तेवढं काढा." मी म्हणालो, बघतो. त्या म्हणाल्या, "आजच काढा. मी हितंच बसते." त्या पायरीवर बसल्या. माणसं येत-जात होती. मी मागच्या दारानं जेवायला गेलो. परत आलो तेव्हा त्या नव्हत्या. पट्टी तिसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत फिरली. महिन्यानं कळलं की केजची खोली सोडून त्या माहेरी लिंबागणेशला गेल्या.

आता मी ठरवलं आहे. आजच्या केबलवाल्याला भेटून तीन दिवस पट्टी फिरवायची. मजकूरही लिहिला आहे. "मुंजाजी चोर नव्हता. अँप्लिफायर पाण्याच्या टाकीवर सापडला. चूक वैजिनाथ शेटे याची." तुमची परवानगी आली की देतो. या वेळी घरचा टीव्हीही चालू ठेवीन.

वैजिनाथ


केज
२० सप्टेंबर २००८

रुद्राणी आणि मुंजाजीराव,

रुद्राणी, तुझं पत्र आलं. तू "अप्पा" लिहिलं आहेस. त्याच्या पुढचं वाचायला मला वेळ लागला.

तू नको म्हणालीस. तुझी वाक्यं शिवम्माला वाचून दाखवली, म्हणून पाठ झाली आहेत. "पुन्हा आमची नावं न विचारता सगळ्या गावाच्या घरात घालू नका. गावानं तुमच्याकडं काही मागितलेलं नाही. सासूबाई तुमच्या दारात येऊन मागत होत्या. त्यांना द्या. मग आम्ही येऊ." शेवटच्या वाक्याला शिवम्मानं डावा हात पलंगावर आपटला. तिला कळतं सगळं.

पट्टी रद्द केली. खरं सांगायचं तर पट्टी मला सोपी होती. खोलीत बसून बोटानं अक्षरं दाबायची, आणि कोणी माझ्या तोंडाकडं बघत नाही.

लिंबागणेशला मी गेलेलो नाही. गुडघे दुखतात. शिवम्माजवळ बसायला माणूस मिळत नाही. मांजरसुंब्याला गाडी बदलावी लागते आणि जीपवाले माणसं कोंबतात. ही कारणं लिहून काढली आणि वाचली. छबुबाई तर रोज म्हणते, "अप्पा, तुमी जावा, मी बसते वहिनीपाशी."

दोनदा स्टँडपर्यंत गेलो. पहिल्यांदा गाडी सुटली असं मी छबुबाईला सांगितलं. गाडी सुटली नव्हती. ती माझ्यासमोर पंधरा मिनिटं उभी होती. कंडक्टर म्हणाला, "काका, येता का ऱ्हाता?" मी म्हणालो, ऱ्हातो. दुसऱ्यांदा गाडीत बसलो आणि वाटेतच मस्साजोगला उतरून परत आलो.

कौशल्याबाईंना काय म्हणायचं ते ठरत नाही. त्या मला मालक म्हणायच्या. समोर गेल्यावर त्या पुन्हा "मालक, बसा" म्हणाल्या, तर मी काय करू?

नातीचा, आरोहीचा, फोटो पोचला. नाक तुझ्या आईचं आहे. फोटो टीव्हीच्या डब्यावर उभा केला आहे, म्हणजे अभिषेक बघताना दोन्ही दिसतं. शिवम्माला आता गिळायलाही त्रास होतो. पेज पातळ करून देतो. हे तुम्हाला घाई करण्यासाठी लिहीत नाही. घाई मी करायची आहे, हे मला कळतं.

अप्पा


केज
८ ऑक्टोबर २००८

जावईबापू आणि रुद्रा,

जाऊन आलो.

काल सकाळची गाडी धरली. मांजरसुंब्याला जीपमध्ये मागच्या फळीवर बसलो. देवळापाशी उतरून विचारलं, तर कौशल्याबाईंचं घर सगळ्यांना ठाऊक. भाचीकडं राहतात. भाचीचं नाव भिवराबाई.

वाटेत मी ठरवलं होतं की घरात बसू, दार लोटून घेऊ, आणि हळू आवाजात सांगून टाकू. तसं काही झालं नाही. कौशल्याबाई बाहेर ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. वाळून एवढ्याशा झाल्या आहेत. शेजारी शिंपी मशीन चालवत होता, समोर पिठाची गिरणी, गिरणीवर सात-आठ बायका डबे घेऊन उभ्या.

मी म्हणालो, मी केजचा वैजिनाथ.

"कोण?"

मी पुन्हा सांगितलं.

"मोठ्यानं बोला. मला ऐकू येत न्हाई."

मी म्हणालो, आत बसून बोलू का? त्यांनी कानाला हात लावला. शेवटी मी ओरडलो, "केजचा वैजिनाथ! केबलवाला!" शिंप्याची मशीन थांबली.

"काय काम काडलं?"

"तुमचं पोरगं चोर नव्हतं!"

"कोण चोर?"

"मुंजाजी! चोर नव्हता!"

"मला ठावं हाय. तुमाला कवा कळलं?"

"आठव्या दिवशी!"

"काय चोरलं म्हनं त्यानं?"

"अँप्लिफायर!"

"ते काय असतं?"

आता अँप्लिफायर काय असतं हे मी रस्त्यात उभा राहून, हातवारे करून, ओरडून सांगितलं. गिरणी बंद झाली होती. बायका डबे टेकवून जवळ आल्या. एक दुसरीला म्हणाली, "म्हाताऱ्याचं काय हरवलंय गं?" दुसरी म्हणाली, "हरवलं न्हाई, सापडलंय म्हनायलाय."

"कुठं घावलं?"

"पाण्याच्या टाकीवर! त्यानंच लावलं होतं! लोकांसाठी!"

"आन् पट्टी कुनी लिवली?"

"मी!"

"ऐकू न्हाई आलं."

"मी लिहिली! मी! वैजिनाथनं!"

माझा घसा बसला. अंगाला घाम. एवढ्या माणसांत मी एवढ्या मोठ्यानं आयुष्यात कधी बोललो नव्हतो. त्या लसूण सोलतच होत्या.

"मंग आठव्या दिशी घावलं, तर सांगितलं कावून न्हाई?"

याला ओरडता आलं नाही. मी खाली बघत, माझं मलाही नीट ऐकू येणार नाही असं म्हणालो, "शरम वाटली."

त्यांनी लसणाची पाकळी सुपात टाकली.

"अकरा वर्सं?" त्या म्हणाल्या.

मी वर पाहिलं. त्या माझ्याकडंच बघत होत्या. दारात भिवराबाई तोंडाला पदर लावून हसत होती. म्हणाली, "आत्याला भिताडापल्याडची मांजर चाललेली ऐकू येती, काका."

कौशल्याबाईंनी तिला गप बस म्हटलं. मग मला म्हणाल्या, "त्या दिशी मी पायरीवर बसले हुते तवा रस्त्यानं जाणारं सगळं गाव माज्याकडं बघत हुतं. तुमी मागच्या दारानं गेलात. आज तुमाला मागलं दार न्हवतं." मी म्हणालो, नव्हतं. त्या म्हणाल्या, "बसा. च्या घ्या." मालक म्हणाल्या नाहीत. मी ओट्यावर बसलो. सूप माझ्याकडं सरकवलं. चहा होईपर्यंत मी लसूण सोलला. बोटं अजून चुरचुरतात.

निघताना त्यांनी विचारलं, "तुमच्या मंडळीला बरं न्हाई म्हनं?" मी सांगितलं, असं असं आहे. त्या म्हणाल्या, "त्येंनी मला लुगडं नेसवलं हुतं संक्रांतीला. मी बी येते पोरं आली की." एवढं सगळं त्या हळू बोलल्या आणि मीही हळूच बोललो. दोघांनाही सगळं ऐकू आलं.

घरी येऊन शिवम्माला सांगितलं. मी ओरडलो ते कसं ओरडलो, हे तिला करून दाखवलं. तिच्या तोंडाची डावी बाजू हलली. मला वाटतं, ती हसत होती. पाडव्यापासून पहिल्यांदा.

ही अट पुरी झाली म्हणून तुम्ही यायलाच पाहिजे असं मी म्हणत नाही. कौशल्याबाईंनी मला च्या दिला, माफ केलं असं त्या बोललेल्या नाहीत. तुम्हीही बोलू नका.

मुंजाजीराव, तुम्ही लिहिलेलं एक वाक्य मी वहीत दोनदा उतरवलं आहे. उत्तर आलं नाही तर राऊटर पाठवायचं थांबवतो, पण विचारायचं थांबवत नाही. मी खूण काढून टाकली नसती, तर तो विचारतच राहिला असता.

म्हणून विचारतो. दिवाळीला येता का? माडीवरची खोली झाडून घेतली आहे. आरोही कशावर झोपते, खाटेवर की खाली, ते कळवा. नाही आलात तर संक्रांतीला विचारीन. मग पाडव्याला.

तुमचा
अप्पा